ट्रेनिंगमधून एचआरमध्ये जायचंय? आधी टाइम ऑफिसमध्ये बसा

ट्रेनिंग विभागात सात-आठ वर्षं काढलेली माणसं भेटली की बहुतेक एकच प्रश्न विचारतात: "एचआरमध्ये जायला कुठला कोर्स करू?" मग कुणी ऑनलाइन सर्टिफिकेट घेतं, कुणी बायोडेटावर 'एचआर प्रोफेशनल' असं लिहून टाकतं आणि वडोदऱ्याजवळच्या वाघोडिया नाहीतर सावली-मंजुसरच्या एखाद्या कंपनीत मुलाखतीला जाऊन बसतं. समोरचा माणूस थंडपणे विचारतो, "जूनमध्ये पगार वाढला आणि कामगार ईएसआयच्या मर्यादेबाहेर गेला. कपात कधी थांबवाल?" तिथे गाडी अडते. (ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, पगारातून वर्गणी कापून चालणारा.)

कोर्स वाईट नसतो, क्रम चुकलेला असतो. आधी सर्टिफिकेट, मग बायोडेटा, मग मुलाखत आणि काम सगळ्यात शेवटी, असा बहुतेकांचा क्रम. तो उलटा करा. मी मकरपुऱ्यातल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात नऊ वर्षं ट्रेनिंगला होते, आता पूर्ण एचआर बघते. मधला काळ साधारण दीड वर्षाचा होता, आणि त्यातले चार-पाच महिने मी चुकीच्या क्रमाने जाऊन वाया घालवले. तुम्ही ते वाचवू शकता.

एकूण वेळ किती धरायचा? एक वर्ष. हजेरी, पगार, वाढ, रजा, बोनस हे चक्र वर्षाचं असतं. टाइम ऑफिस (हजेरीचा हिशेब ठेवणारा विभाग) आणि पगाराच्या टेबलावरून किमान एक दिवाळी पाहिल्याशिवाय बाहेर अर्ज करू नका.

## टप्पा १: कुठलं एचआर, ते आधी ठरवा

'जनरल एचआर' म्हणजे प्रत्येक ठिकाणी वेगळी गोष्ट. वडोदऱ्याच्या आसपास नोकऱ्या मुख्यतः कारखान्यांतल्या. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) लहान-मध्यम इंजिनिअरिंग, नंदेसरीला केमिकल, पादऱ्याच्या बाजूला औषधं, सावली-वाघोडियाला मोठे प्लांट. कारखान्यातल्या एचआरवाल्याच्या टेबलावर कँटीनची तक्रार, कंपनीची बस, गेटवरचे कंत्राटी कामगार, युनियनचं पत्र आणि विमा दवाखान्याचा कागद एकाच सकाळी येतो. आयटी किंवा सेवा क्षेत्रात भरती आणि कामगिरीचं मूल्यमापन जास्त, युनियन जवळजवळ नाही.

पाच जाहिराती काढा आणि कामाच्या यादीतला प्रत्येक शब्द वहीत उतरवा. 'आयआर' लिहिलं असेल तर कामगार-संबंध आले. 'अ‍ॅडमिन' लिहिलं असेल तर बस आणि कँटीन तुमचीच. दोन्ही लिहून पगार एकाचाच देत असतील, तर तेही वहीत लिहा.

तपासा: कारखाना कुठल्या जिल्ह्यात आहे? हालोल वडोदऱ्याहून रोज जा-ये करण्यासारखं आहे, पण जिल्हा पंचमहाल. सरकारी कार्यालयांच्या फेऱ्या कुठे होणार, ते त्यावर ठरतं. मुलाखतीत हे माहीत असलेला उमेदवार वेगळा दिसतो.

सावधान: 'वेल्फेअर ऑफिसर' हे पद म्हणजे नुसतं पदनाम नव्हे, ते कायद्यातलं पद आहे आणि त्याला ठरवून दिलेली शैक्षणिक पात्रता लागते. इंजिनिअरिंग डिप्लोमावर ट्रेनिंगमध्ये आलेल्या माणसाला अनुभव कितीही असला तरी त्या जागेवर सही करता येत नाही. बडोद्यातल्या जुन्या एचआर मंडळींत महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या सोशल वर्क फॅकल्टीतून आलेले इतके जण का भेटतात, त्याचं एक कारण हेच. तुमची पदवी बसत नसेल तर त्या जागेमागे धावू नका. एचआर एक्झिक्युटिव्ह किंवा जनरलिस्टच्या जागेला ती अडचण नाही.

## टप्पा २: कामाची वही, तीन ढीग

एक दोनशे पानी वही घ्या. मागच्या दोन वर्षांत केलेलं प्रत्येक काम तीनपैकी एका ढिगात टाका: एचआरचंच असलेलं, अर्धं एचआरचं, आणि निव्वळ ट्रेनिंगचं.

तिसरा ढीग मोठा निघाला तर घाबरू नका. पहिल्या ढिगात लोक नेमक्या ज्या गोष्टी विसरतात, त्या शोधा. सगळ्यात मोठी म्हणजे अ‍ॅप्रेंटिस, अर्थात शिकाऊ उमेदवार. बऱ्याच कारखान्यांत अ‍ॅप्रेंटिसचं काम ट्रेनिंगकडेच असतं आणि आपण त्याला 'पोरांची बॅच' म्हणून सोडून देतो. जिथे ३० किंवा जास्त माणसं आहेत तिथे अ‍ॅप्रेंटिस घेणं बंधनकारक, आणि संख्या एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्क्यांत ठेवायची. त्यासाठी तुम्ही काय करता? संख्या काढता, पोर्टलवर करार करता, हजेरीवरून स्टायपेंड काढता, मधेच सोडून गेलेल्याचा करार बंद करता. म्हणजे भरती, करार, हजेरी, मोबदला आणि निरोप. छोट्या आकारातलं पूर्ण एचआर तुमच्या हातात आहे, फक्त तुम्ही त्याला त्या नावाने हाक मारलेली नाही.

इंडक्शन (नव्या माणसाची ओळख), स्किल मॅट्रिक्स (कुणाला काय येतं त्याचा तक्ता), पॉशची (कामाच्या जागी लैंगिक छळ रोखणाऱ्या कायद्याची) जागृती सत्रं हे अर्ध्या ढिगात. सत्र घेणं म्हणजे पॉशच्या तक्रार समितीचं काम येणं नव्हे.

तपासा: मागच्या वर्षभरात तुम्ही काढलेल्या आकड्यामुळे कुणाच्या बँक खात्यात पैसे गेले किंवा थांबले का? 'हो' असेल तर त्या कागदाची तारीख वहीत लिहा. 'नाही' असेल तर पुढचा टप्पा टाळायचा नाही.

## टप्पा ३: टाइम ऑफिसमध्ये तीन महिने

इथेच बहुतेक जण चुकतात, म्हणून जरा थांबून सांगते.

मागायचं कसं. एचआर हेडकडे जाऊन "मला एचआर शिकायचंय" असं म्हणू नका. त्याच्या कानाला ते 'मला तुमची खुर्ची हवी' किंवा 'मला वेळ घालवायचाय' असं ऐकू येतं. नेमकं मागा: "दर महिन्याला २६ तारखेपासून हजेरी बंद होईपर्यंत रोज दोन तास मी टाइम ऑफिसला हात लावते. माझे क्लास त्या हिशेबाने लावले आहेत." महिन्याच्या शेवटी मदतीला नाही म्हणणारं टाइम ऑफिस मी अजून पाहिलेलं नाही. आपल्या साहेबांना मात्र आधी सांगा. मागाहून कळलं तर पुढची शिफारस गेली.

पहिला महिना: फक्त बघा. क्रम पाठ करा. हजेरीच्या मशीनमधून कच्चे पंच, म्हणजे आत-बाहेरच्या नोंदी, येतात. मग चुकलेले पंच, मग शिफ्टची अदलाबदल, मग ओव्हरटाइमच्या स्लिपा, मग रजेचे अर्ज, आणि या सगळ्यातून उरलेले दिवस बिनपगारी. क्रम बदलला की आकडा बदलतो. रजेचा अर्ज चढवायच्या आधी बिनपगारी दिवस काढले, तर सुट्टी मंजूर असलेल्या माणसाचा पगार कापला जातो.

दुसरा महिना: एक विभाग, कागदावर. वीस-पंचवीस माणसांचा एकच विभाग घ्या आणि सॉफ्टवेअर न बघता मस्टर (हजेरीपट) हाताने तयार करा. मग सॉफ्टवेअरशी ताळा घ्या. पहिल्या दिवशी फरक निघेलच, बहुधा तिसऱ्या पाळीत. माणूस ११ तारखेला रात्री ११ ला आत येतो आणि १२ तारखेला सकाळी ७ ला बाहेर पडतो. शिफ्ट नीट लावलेली नसेल तर मशीन ११ तारखेला 'आउट पंच नाही' आणि १२ तारखेला 'इन पंच नाही' दाखवतं. म्हणजे एक पूर्ण रात्र काम केलेल्या माणसाचे दोन दिवस लाल. हा एक लाल डाग स्वतः सोडवलात की निम्म्या तक्रारींचं मूळ कळेल.

तिसरा महिना: तोच विभाग तुमच्या जबाबदारीवर. आकडा तुम्ही द्यायचा, तपासणी टाइम ऑफिसने करायची.

शक्य असेल तर या तीन महिन्यांत नवरात्र येईल असं बघा. नऊ रात्री गरबा, सकाळची पहिली पाळी अर्धी रिकामी, आणि दुसरी पाळी बदलून मागणाऱ्यांची रांग. ट्रेनिंगमध्ये होते तेव्हा मी त्या आठवड्यात क्लासच लावायचे नाही. सुटले! एचआरला तो पर्याय नसतो. कुणाची अदलाबदल मान्य करायची, कुणाची नाही, आणि ती लेखी ठेवायची, हे त्या नऊ दिवसांत जेवढं शिकले तेवढं कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

आता माझी चूक. टाइम ऑफिसच्या खिडकीत माझ्या जुन्या बॅचचा एक वेल्डर आला. "बेन, दो दिन कट गया." मी क्लासमध्ये बोलायचे तशी बोलून गेले: "थई जशे." हा आपल्या बडोदेकर मराठी माणसाच्याही जिभेवर बसलेला शब्द. मराठीत बोलतानासुद्धा आपण "होऊन जाईल" म्हणतो ते त्याच चालीवर. क्लासमध्ये त्याचा अर्थ 'काळजी करू नको' एवढाच. खिडकीत त्याचा अर्थ 'एचआरने कबूल केलं' असा झाला. तपासल्यावर निघालं की एक दिवस खरोखर गैरहजर होता. तो एक दिवस मिळाला नाही तेव्हा पंधरा माणसं सुपरवायझरसमोर उभी राहिली, आणि सगळ्यांच्या तोंडी "बेनने कहा था".

सावधान: खिडकीत फक्त तीन वाक्यं चालतात: "नोंद घेतली", "अमुक तारखेला उत्तर देते", आणि उत्तराच्या दिवशी "हो" किंवा "नाही, कारण हे". चौथं वाक्य तोंडात आलं तर गिळा.

सावधान: पगाराचा एकही कागद घरी नेऊ नका, मोबाइलवर फोटो काढू नका. 'सरावासाठी' म्हणूनही नाही. सराव करायचाच तर नावं आणि आकडे बदलून वहीत करा.

## टप्पा ४: तारखांचा तक्ता

ट्रेनिंगच्या कॅलेंडरमध्ये क्लास पुढे ढकलता येतो. एचआरच्या कॅलेंडरमध्ये तारीख ढकलली की दंड किंवा व्याज लागतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले चार नवे कायदे, लागू झाल्या आहेत. त्यामुळे जुन्या नोट्स, जुने व्हिडिओ आणि साहेबांच्या कपाटातलं जुनं जाडं पुस्तक यांवर विसंबू नका. कुठल्याही मजकुरावर पहिली नजर त्याच्या तारखेवर टाका.

किमान एवढं हाताने काढता आलं पाहिजे:

१. पगार. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. नोकरी सोडली, काढलं किंवा नोकरकपात झाली, तर थकलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत. जुनी सवय 'फुल अँड फायनल (अखेरचा हिशेब) पुढच्या पगारासोबत' अशी आहे. ती आता चालत नाही, आणि नो-ड्यूजचा ('काही देणं बाकी नाही' असा) कागद आठवडाभर स्टोअरमध्ये फिरत ठेवण्याची चैनही त्याबरोबर संपली.

२. वेतनाची व्याख्या. इथे नवखा हमखास पडतो. एकूण मोबदला ३०,००० आहे असं धरा: मूळ वेतन १०,०००, घरभाडे १२,०००, प्रवासभत्ता ८,०००. वगळलेले भत्ते झाले २०,०००. ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून, म्हणजे १५,००० हून, जितके जास्त तितके परत वेतनात मिळवायचे. ५,००० जास्त आहेत. म्हणून वेतन १०,००० नाही, १५,०००. हे एक उदाहरण पाठ करण्यापेक्षा स्वतःच्या पे-स्लिपवर करून बघा.

३. पीएफ. १५,००० वेतनावर कामगाराचे १२ टक्के म्हणजे १,८००. मालकाचेही १,८००, पण त्यातले १,२५० पेन्शनमध्ये आणि ५५० पीएफमध्ये जातात. 'माझ्या पासबुकात मालकाचे पैसे कमी का?' हा प्रश्न खिडकीत दर महिन्याला येतो, आणि उत्तर या एका ओळीत आहे. भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत.

४. ईएसआय. कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के, मर्यादा २१,०००, भरणा १५ तारखेपर्यंत. आता सुरुवातीचा प्रश्न. कामगाराचं ईएसआयसाठी धरलेलं वेतन एप्रिलमध्ये २०,४०० होतं, जूनमध्ये २१,३०० झालं. कपात जूनमध्ये थांबवायची नाही. वर्गणीचे दोन सहामाही काळ असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. काळाच्या सुरुवातीला जो आत होता तो काळ संपेपर्यंत आतच. म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत कपात चालू, आणि तीही वाढलेल्या २१,३०० वर: कामगाराचे १६०, मालकाचे ६९३, कारण पैशांचा तुकडा वरच्या रुपयाला नेतात. जूनमध्येच थांबवली तर मागची वर्गणी व्याजासह भरावी लागते, आणि तेवढ्यात त्या घरात बाळंतपण किंवा ऑपरेशन निघालं तर कामगार तुमच्याच टेबलाशी येऊन उभा राहतो.

५. व्यवसाय वेरो. मराठीत व्यवसाय कर म्हणतात, पण इथल्या चलनावर आणि सगळ्यांच्या तोंडी 'वेरो'च. गुजरातमध्ये १२,००० पर्यंत काही नाही, त्यावर महिन्याला २००. शहराच्या हद्दीत महापालिकेकडे जातो. हद्दीबाहेरच्या प्लांटने कुठे भरायचा, ते जुन्या चलनावरून बघून ठेवा.

६. कामगार कल्याण निधी. सहामाहीला कामगाराचे ६ रुपये, मालकाचे १२. रक्कम इतकी छोटी की जून आणि डिसेंबरमध्ये हटकून विसरली जाते.

७. बोनस. किमान ८.३३, कमाल २० टक्के. हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत द्यायचा, पण आपल्याकडे खरी तारीख दिवाळीच्या आधीची असते. वर्षात ३० दिवस काम केलेला माणूस पात्र ठरतो. मधेच सोडून गेलेल्यांची यादी वेगळी काढा. ती सगळेच विसरतात, आणि मग जानेवारीत, उत्तरायण आटोपलं की, जुनी माणसं गेटवर येतात.

तपासा: एका माणसाची पे-स्लिप कॅल्क्युलेटर आणि कागदावर पूर्ण काढा. सॉफ्टवेअरशी रुपयाचा फरक न येता लागोपाठ तीन महिने जुळली, की पुढे जा. दोन महिने नाही, तीन.

## टप्पा ५: कागद लिहायला शिका

ट्रेनरची भाषा प्रोत्साहनाची असते, आणि एचआरच्या कागदात ती घात करते. माझ्या हातची पहिली कारणे दाखवा नोटीस अशी होती: "आपले वर्तन अत्यंत बेजबाबदार असून आपल्याकडून अशी अपेक्षा नव्हती." साहेबांनी लाल पेनने दोन्ही अर्ध्यांवर काट मारली. पहिल्यात चौकशीआधीच निकाल दिला होता, दुसऱ्यात शाळेच्या बाई बोलत होत्या.

बरोबर नोटीस कोरडी असते: "दिनांक ४ रोजी दुसऱ्या पाळीत दुपारी ३.४० वाजता मशीन क्रमांक ७ चालू ठेवून आपण जागेवर नव्हता, असा सुपरवायझरचा अहवाल आहे. याबाबत आपले म्हणणे इतक्या दिवसांत लेखी द्यावे." तारीख, वेळ, जागा, कृती, आणि कुणी पाहिलं. विशेषणं शून्य.

सराव असा: मागच्या वर्षी क्लासमध्ये घडलेले पाच प्रसंग आठवा आणि प्रत्येकाची पाच ओळींची नोंद लिहा. मग ती अशा माणसाला वाचायला द्या ज्याला प्रसंग माहीत नाही. त्याने "मग काय झालं?" असं विचारलं तर नोंद अपुरी. त्याने "फारच वाईट माणूस दिसतो" असं म्हटलं तर नोंद पक्षपाती.

मग एखादी घरगुती चौकशी, म्हणजे डोमेस्टिक एन्क्वायरी, नोंदी घेणारा म्हणून बघा. मध्ये बोलू नका. निलंबित कामगाराला पहिले ९० दिवस वेतनाच्या ५० टक्के निर्वाहभत्ता आणि त्यापुढे, उशीर त्याच्यामुळे नसेल तर, ७५ टक्के. म्हणजे चौकशी रेंगाळली की कंपनीचाच खर्च वाढतो. त्या खोलीत बसल्यावर ते अंगावर येतं.

एक गोष्ट आपल्या मंडळींसाठी. दांडिया बाजार-रावपुऱ्यात वाढलेले आपण गुजराती फाडफाड बोलतो. पण मराठी किंवा इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या कितीजणांना कचेरीची गुजराती *लिहिता* येते? नोटीस कामगाराला वाचता आली पाहिजे. मला 'ગ' आणि 'ળ' लिहिताना चाळिशीत पाटी घेऊन बसावं लागलं. सहा महिने रोज एक गुजराती अर्ज हाताने उतरवा. या एका कौशल्याचा बायोडेटात जितका उपयोग होतो तितका कुठल्याच सर्टिफिकेटचा झालेला मी पाहिला नाही.

सावधान: लैंगिक छळाची तक्रार तुमच्या कानावर आली, तर 'दोघांना समोरासमोर बसवू' हा ट्रेनरचा हात आवरा. १० किंवा जास्त माणसांच्या ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत तिच्याकडे लेखी जायला हवी, चौकशी ९० दिवसांत. तक्रारदार बाईला लिहायला मदत लागली तर करा. समेटाचा प्रस्ताव तुम्ही मांडायचा नाही.

## टप्पा ६: क्लासमधलं नातं बदला, पण सांगून

हा टप्पा छोटा आहे, पण वगळू नका. ज्यांना तुम्ही शिकवलंत ती माणसं तुमच्याशी मोकळी आहेत. घरचं कर्ज, सुपरवायझरचा राग, बाहेर नोकरी शोधणं, सगळं त्यांनी चहाच्या सुट्टीत सांगितलेलं असतं. ते ट्रेनरला सांगितलं होतं, एचआरला नाही. पद बदलताच स्पष्ट सांगा: "आतापर्यंतचं माझ्याकडे राहील, वापरणार नाही. यापुढे जे सांगाल त्यावर मला काही वेळा कारवाई करावी लागेल." निम्मे जण गप्प होतील. होऊ द्या.

## टप्पा ७: आता बायोडेटा

आत्ता, आधी नाही. आणि पहिला अर्ज स्वतःच्याच कंपनीत. तिथे जागा नसेल तर बाहेर.

"२,००० कामगारांना प्रशिक्षण दिले" ही ओळ खाली न्या. वर अशा ओळी हव्यात: "४० अ‍ॅप्रेंटिसचे करार, हजेरी व स्टायपेंड स्वतंत्रपणे सांभाळले", "एका विभागाची मासिक हजेरी तीन महिने बंद केली, पगारात एकही दुरुस्ती नाही", "कारणे दाखवा नोटिसा व चौकशीच्या नोंदी गुजरातीत". आकडा तुमचा खराच हवा. वडोदऱ्याचं औद्योगिक जग लहान आहे, एक फोन पुरतो.

कोर्स करायचाच असेल तर आता करा. हात चालायला लागल्यावर पुस्तक कळतं. नोकरी सांभाळून पूर्णवेळ दोन वर्षांचा पदव्युत्तर कोर्स झेपत नाही. संध्याकाळचा किंवा शनिवार-रविवारचा कामगार कायद्याचा अभ्यासक्रम पुरेसा, मात्र तो नव्या संहितांवर शिकवतात का, ते फी भरण्याआधी विचारा.

पदनामाचं काय? 'ट्रेनिंग मॅनेजर'वरून 'एचआर एक्झिक्युटिव्ह' होणं लागतं मनाला. माझं मत: पदनाम एक पायरी खाली चालेल, पगार खाली घेऊ नका. पदनाम दोन वर्षांत परत मिळतं, पगार ज्या आकड्यावरून सुरू होतो तिथेच रेंगाळतो.

## टप्पा ८: मुलाखत

'मला माणसांमध्ये काम करायला आवडतं' हे वाक्य घरी ठेवून जा. सगळेच म्हणतात, आणि समोरच्याने दिवसभरात ते सहादा ऐकलेलं असतं. तयारी या तीन प्रश्नांची करा: तुमच्या हातून पगारात झालेली एक चूक आणि ती कशी दुरुस्त केली; तुम्ही कुणाला कशासाठी 'नाही' म्हणालात; कंत्राटदाराने पीएफ भरला नाही तर तुम्ही काय कराल. पहिल्याला 'चूक झालीच नाही' असं उत्तर दिलंत, तर तुम्ही काम केलेलंच नाही हे कळतं.

उलट तुम्हीही विचारा: पगार सॉफ्टवेअर कोण चालवतं, कंत्राटी किती, स्टँडिंग ऑर्डर्स (नोकरीच्या अटी आणि शिस्तीचे लेखी नियम) लागू आहेत का. ३०० किंवा जास्त कामगार असले की त्या लागू होतात, त्यामुळे उत्तरावरून शिस्तीचं काम कसं चालतं त्याचा अंदाज येतो.

## टप्पा ९: पहिले ९० दिवस

ट्रेनिंगमधून आलेला माणूस पहिल्याच महिन्यात हमखास एक चूक करतो: गैरहजेरी जास्त दिसली की 'मोटिव्हेशन'चा कार्यक्रम लावतो. थांबा. गैरहजेरीचं कारण बसच्या मार्गात असू शकतं, पाळीच्या फिरण्यात असू शकतं, सुपरवायझरच्या जिभेत असू शकतं. पहिले ९० दिवस एकही ट्रेनिंग प्रोग्रॅम जाहीर करायचा नाही, असा नियमच स्वतःला घाला.

त्याऐवजी हे करा, याच क्रमाने.

पहिल्या पंधरवड्यात वीस जॉइनिंग फाइली उघडा. नियुक्तीपत्र आहे का (ते आता प्रत्येकाला द्यावंच लागतं), यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) आणि आधारवरचं नाव जुळतं का, नॉमिनेशन भरलंय का. एका फाइलमध्ये मला नॉमिनी म्हणून आई दिसली. माणसाचं लग्न होऊन अकरा वर्षं झाली होती, दोन मुलं होती. कुणी विचारलंच नव्हतं.

पुढच्या पंधरवड्यात हजेरी ते बँक हा पूर्ण प्रवास एकदा पायी करा: मशीन, टाइम ऑफिस, पगारपत्रक, मंजुरी, बँक फाइल. प्रत्येक टेबलावर 'तुम्ही नसाल तेव्हा हे कोण करतं?' एवढंच विचारा.

दुसऱ्या महिन्यात गेटवर जा. कंत्राटी कामगारांचं गेट रजिस्टर आणि कंत्राटदाराने दिलेली पीएफची ईसीआर यादी (त्या महिन्यात कुणाकुणाचा पीएफ भरला, ती) शेजारी ठेवा आणि नावं एकेक करून टिक करा. बेरजेवर विश्वास ठेवू नका. मी पहिल्यांदा केलं तेव्हा गेटवर ४२ नावं होती आणि यादीत ३५. कंत्राटदार म्हणाला, "सात जण नवीन आहेत." रजिस्टरमध्ये त्यातले पाच चार महिन्यांपासून येत होते. कंत्राटदाराने वेतन थकवलं तर ते मूळ मालकाला द्यावं लागतं, आणि पीएफची विचारणाही शेवटी त्याच्याच दाराशी येते. म्हणून त्या महिन्याचं बिल मी अडवून ठेवलं. दोन दिवस फोन वाजत राहिला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सुधारलेलं चलन आलं. मी सातही नावं पुन्हा टिक केली, मग बिलावर सही केली.